लहान लेकराला भूल दिली तर मेंदूवर परिणाम होतो का?

ऑपरेशनला घरचे तयार असतात. अडतं ते भुलीपाशी. लेकराचा ओठ दुभंगलेला आहे, जांघेत हर्निया आहे, अंड खाली उतरलेलं नाही, हे आई-बापांना दिसत असतं आणि ऑपरेशन लागेल हे पटलेलंही असतं. पण ‘पूर्ण भूल द्यावी लागेल’ म्हटलं की चेहरे बदलतात. लातूर, बीड, परभणी, हिंगोली, कुठंही जा, पुढचा प्रश्न ठरलेला असतो: “डोक्यावर परिणाम व्हतो म्हणं, खरंय का डॉक्टर?” मग सोबत आलेली आजी विचारते, “शिकायला मंद निघंल का हो लेकरू?” ज्या भागात दहावी-बारावीच्या गुणांसाठी आई घरदार सोडून लातूरला पोरांसोबत खोली करून राहते, तिथं ही भीती मोठीच असणार.

मी भूल देण्याचं काम करतो. ‘काही होत नाही, काळजी करू नका’ एवढ्यावर हा प्रश्न मिटवणं मला पटत नाही. त्यात तथ्य आहे म्हणूनच गेली पंचवीस वर्षं जगभरचे संशोधक त्याच्या मागे आहेत. त्यांना काय सापडलं ते आपल्या भाषेत नीट मांडलेलं फारसं कुठं वाचायला मिळत नाही. मोबाइलवर फिरणाऱ्या व्हिडिओंत अमेरिकेच्या औषध नियंत्रक संस्थेनं दिलेल्या एका इशाऱ्याचं अर्धं वाक्य असतं आणि उरलेलं अर्धं, जे जास्त महत्त्वाचं आहे, ते गायब असतं.

पूर्ण भूल म्हणजे झोप नव्हे

दात काढताना हिरडीत देतात ती भूल तेवढी जागा बधिर करते. सिझेरियनला पाठीच्या मणक्यात देतात ती कमरेखालचा भाग बधिर करते. पूर्ण भूल थेट मेंदूवर काम करते. शुद्ध जाते, वेदना कळत नाहीत, नंतर काही आठवत नाही आणि अंग हलत नाही. झोपलेल्या माणसाला चिमटा काढला तर तो जागा होतो, पूर्ण भूल दिलेला माणूस पोटावर सुरी चालली तरी जागा होत नाही. म्हणूनच भूलतज्ज्ञ ऑपरेशन संपेपर्यंत शेजारून हलत नाही. श्वास, नाडी, रक्तदाब, अंगाची ऊब हे सगळं तेवढा वेळ त्याच्या हवाली असतं.

मेंदूतल्या पेशी एकमेकींशी रसायनांमधून बोलतात. ही रसायनं पकडणारे रेणू पेशीच्या अंगावर असतात, त्यांना ग्राही म्हणतात. या लेखापुरते दोनच प्रकारचे ग्राही पुरे. गाबा ग्राही वाढ पूर्ण झालेल्या मेंदूत पेशीला शांत करतात आणि एनएमडीए ग्राही पेशीला चेतवतात. लेकरांना मास्कमधून देतात तो सेव्होफ्लुरेन वायू, त्याच जातीचा आयसोफ्लुरेन, शिरेतून देतात ते दुधासारखं पांढरं प्रोपोफॉल आणि मिडॅझोलम ही औषधं मुख्यतः गाबाचं काम वाढवतात. केटामाइन आणि नायट्रस ऑक्साइड मुख्यतः एनएमडीएचं काम थोपवतात. वाट कुठलीही असो, पेशींची आपसातली देवाणघेवाण तेवढ्या काळापुरती मंदावते आणि माणूस बेशुद्ध होतो. औषध थांबवलं की ती पुन्हा सुरू होते.

मोठ्या माणसाच्या मेंदूत हे जाळं विणून झालेलं असतं. लेकराच्या मेंदूत ते अजून विणलं जातंय, आणि सगळा प्रश्न तिथूनच सुरू होतो.

वाढता मेंदू वेगळा कसा

गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांपासून वयाच्या दोन-तीन वर्षांपर्यंत मेंदू ज्या वेगानं वाढतो, तसा पुन्हा कधीच वाढत नाही. पेशींमध्ये नव्या जोडण्या धडाधड तयार होत असतात. पण निसर्ग पेशी मुद्दाम गरजेपेक्षा जास्त करून ठेवतो. आपल्याकडे ज्वारी उगवून आली की दाट जागची रोपं उपटून विरळणी करतात, राहिलेली ताटं जोमानं वाढावीत म्हणून. मेंदूही स्वतःची विरळणी करतो. ज्या पेशीला शेजारणींकडून संदेश येतात ती टिकते. जिच्याकडं कुणी वळत नाही ती स्वतःच ठरलेल्या पद्धतीनं मरून जाते. हा आजार नाही, मेंदू घडण्याची ही नेहमीची रीत आहे.

आता शंका काय ती लक्षात येईल. नेमक्या या विरळणीच्या दिवसांत औषधानं पेशींचं बोलणं काही तास बंद केलं, तर चांगल्या पेशीसुद्धा ‘आपल्याला कुणी विचारत नाही’ असं समजून मरायला लागतील का?

१९९९ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात आलेल्या संशोधनानं पहिल्यांदा हे दाखवलं. नवजात उंदरांमध्ये एनएमडीए ग्राही थोपवले की मेंदूतल्या पेशी नेहमीपेक्षा कितीतरी जास्त मरत होत्या. २००३ मध्ये सात दिवसांच्या उंदरांना मिडॅझोलम, नायट्रस ऑक्साइड आणि आयसोफ्लुरेन, म्हणजे आम्ही खरोखर वापरतो तीच औषधं, सहा तास दिली गेली. त्यांच्या मेंदूत ठिकठिकाणी पेशी मेल्या आणि पुढं मोठे झाल्यावर ते शिकण्यात आणि लक्षात ठेवण्यात कमी पडले. या निकालानं आमच्या क्षेत्रात खळबळ उडाली. उडायलाच हवी होती.

उंदरांचं माणसाला लागू होतं का?

सरसकट नाही. उंदराच्या मेंदूची मोठी वाढ दोन-तीन आठवड्यांत उरकते, आपल्याकडं तिला दोन-तीन वर्षं लागतात. त्यामुळं सात दिवसांच्या उंदराचे सहा तास लेकराच्या सहा तासांपेक्षा कितीतरी मोठे ठरतात. शिवाय एवढ्याशा जिवाचा रक्तदाब, साखर, प्राणवायू तासन्‌तास सांभाळणं अवघड. लेकराचं हे सगळं आम्ही मिनिटामिनिटाला बघतो.

म्हणून मग माकडांवर प्रयोग झाले. पाच-सहा दिवसांच्या ऱ्हिसस माकडांना केटामाइन सलग २४ तास दिलं तेव्हा पेशी मेल्या, आणि अशी माकडं पुढं बुद्धीच्या चाचण्यांमध्येही मागं राहिली. तीन तास दिलं तेव्हा मात्र पेशी वाढत्या प्रमाणात मेल्याचं दिसलं नाही. म्हणजे उंदरात दिसलेली गोष्ट आपल्या जवळच्या प्राण्यातही होते, पण कालावधी लांबला तर.

प्राण्यांवरच्या प्रयोगांतून किती निष्कर्ष काढावा, याचा एक जुना धडा आपल्याच जुन्या राज्यातला आहे. मराठवाडा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता तेव्हा, १८८८ आणि १८८९ मध्ये, क्लोरोफॉर्म सुरक्षित आहे का हे तपासायला तिथं दोन आयोग बसले. सहावे निजाम मीर महबूब अली खान यांच्या सरकारनं खर्च उचलला. एडवर्ड लॉरी हे तिथले शल्यचिकित्सक त्यामागं होते आणि दुसऱ्या आयोगासाठी लंडनहून लॉडर ब्रंटन आले. कुत्र्यांवर आणि इतर प्राण्यांवर भरपूर प्रयोग करून निष्कर्ष निघाला की क्लोरोफॉर्मनं आधी श्वास थांबतो, हृदय नंतर. म्हणून नजर श्वासावर ठेवा. सल्ला चांगला होता, पण निष्कर्ष अपुरा. पुढं १९११ मध्ये दाखवलं गेलं की क्लोरोफॉर्मनं हृदय अचानक, श्वासाच्या आधीही थांबू शकतं. प्रयोग खोटे नव्हते, माणसाबद्दलचं उत्तर माणसांत शोधावं लागतं एवढंच.

मग माणसांत काय दिसलं?

एक अडचण आधी सांगतो, कारण निम्मा गोंधळ तिच्यामुळं होतो. भूल दिलेल्या आणि न दिलेल्या मुलांची सरळ तुलना केली तर भूल दिलेली मुलं थोडी मागं दिसतात. पण ज्या मुलांना ऑपरेशन लागतं ती मुळातच वेगळी असतात. कुणी आठव्या महिन्यात जन्मलेलं असतं, कुणाच्या हृदयात दोष असतो, कुणाला नीट ऐकू येत नाही. मागं पडण्याचं कारण भूल की मूळ दुखणं, हे अशा तुलनेतून सुटत नाही.

नेदरलँड्समधल्या संशोधकांनी २००९ मध्ये याला छान वाट काढली. त्यांनी एकसारख्या जुळ्यांच्या १,१४३ जोड्या घेतल्या. एकसारखी जुळी म्हणजे रक्त एक, घर एक, आई-बाप एक. तीन वर्षांच्या आत एकाला भूल मिळाली आणि दुसऱ्याला नाही, अशा जोड्यांमध्ये शाळेच्या परीक्षेत दोघांत फरक निघाला नाही. मात्र ज्या जोड्यांत दोघांनाही भूल लागली नव्हती, त्या इतर जोड्यांपेक्षा पुढं होत्या. भूल न मिळालेलं जुळं भावंडही भूल मिळालेल्याइतकंच मागं असेल, तर कारण भुलीत नाही, दोघांत सारखं असलेल्या दुसऱ्या कशात तरी आहे.

अमेरिकेत १०५ भावंडांच्या जोड्यांचा अभ्यास २०१६ मध्ये आला. जोडीतल्या एकाचं हर्नियाचं ऑपरेशन तीन वर्षांच्या आत पूर्ण भुलीत झालं होतं, दुसऱ्याला भूल मिळाली नव्हती. दोन्ही गटांचा सरासरी बुद्ध्यांक १११ निघाला.

सगळ्यात वजनदार अभ्यास मात्र वेगळा आहे. त्याच्या इंग्रजी नावाची अक्षरं जोडून त्याला थोडक्यात ‘गॅस’ म्हणतात. सात देशांतल्या ७२२ तान्ह्या बाळांचं जांघेच्या हर्नियाचं ऑपरेशन होतं. कुणाला सेव्होफ्लुरेनची पूर्ण भूल द्यायची आणि कुणाला जागं ठेवून फक्त कमरेखाली बधिर करायचं, हे चिठ्ठ्या टाकाव्यात तसं ठरवलं गेलं. अशा पद्धतीत दोन्ही गट मुळात सारखे असतात, त्यामुळं मघाची अडचणच राहत नाही. पूर्ण भुलीचा काळ साधारण ५४ मिनिटं होता. दोन वर्षांनी तपासलं, पाच वर्षांनी पुन्हा तपासलं. २०१९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आलेला पाच वर्षांचा निकाल असा: जागं ठेवलेल्यांचा सरासरी बुद्ध्यांक ९९.०८, पूर्ण भूल दिलेल्यांचा ९८.९७. फरक नाही म्हणावा इतका कमी. यातली बहुतेक बाळं मुलगे होती, कारण तान्हेपणी जांघेचा हर्निया त्यांनाच जास्त होतो. ही या अभ्यासाची मर्यादा धरावी लागेल.

आणि गुणांचं म्हणाल तर स्वीडनची आकडेवारी बघा. चार वर्षांच्या आत एकच ऑपरेशन झालेल्या ३३,५१४ मुलांचे सोळाव्या वर्षीचे शालेय गुण भूल न मिळालेल्या दीड लाखाहून जास्त मुलांशी ताडून पाहिले. भूल मिळालेल्यांचे गुण सरासरी ०.४१ टक्के कमी, एवढाच फरक. आई किती शिकलेली आहे, मूल वर्षाच्या कुठल्या महिन्यात जन्मलं, यामुळं पडणारा फरकसुद्धा त्याहून मोठा होता. हा आकडा मी पालकांना मुद्दाम सांगतो. लेकराच्या शिक्षणाची चिंता असेल तर त्याच्या आईच्या शिक्षणाकडं बघा, भुलीपेक्षा ते कितीतरी जास्त मोजतं.

मग अमेरिकेनं इशारा कशाला दिला?

१४ डिसेंबर २०१६ रोजी अमेरिकेची औषध नियंत्रक संस्था एफडीए हिनं तो दिला. पुढच्या वर्षी भुलीच्या आणि गुंगीच्या ११ औषधांच्या माहितीपत्रकांत तो घातला गेला. त्याचा आशय असा: तीन वर्षांखालच्या मुलांमध्ये किंवा गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत ही औषधं वारंवार, किंवा तीन तासांपेक्षा जास्त वेळ वापरली, तर बाळाच्या वाढत्या मेंदूवर परिणाम होऊ शकतो.

मघाशी म्हटलं ते गायब होणारं अर्धं वाक्य यातलंच. ‘तीन वर्षांखालच्या मुलांच्या मेंदूवर परिणाम’ एवढं फिरतं. ‘वारंवार किंवा तीन तासांपेक्षा जास्त’ हे राहून जातं. एकदा दिलेल्या थोड्या वेळाच्या भुलीनं वर्तनावर किंवा शिकण्यावर वाईट परिणाम होण्याची शक्यता नाही, असं त्याच संस्थेनं त्याच वेळी म्हटलं होतं.

“पण आमचं लेकरू ऑपरेशननंतर बदललं”

असं सांगणारे आई-बाप खोटं बोलत नसतात. सेव्होफ्लुरेनमधून बाहेर येताना बरीच लहान मुलं जोरजोरात रडतात, हातपाय झाडतात, आईलाही ओळखत नाहीत. दहा-वीस मिनिटं, कधी अर्धा तास. बघणाऱ्याचं काळीज हलतं आणि ‘डोक्यात काही तरी झालं’ ही समजूत तिथंच पक्की होते. हा त्रास आपोआप ओसरतो. त्यानंतरही काही दिवस लेकरू रात्री दचकून उठतं, अंथरूण ओलं करतं, आईला चिकटून बसतं. अनोळखी जागा, सुया, दुखणं आणि आईपासून तुटणं या सगळ्याचा हा परिणाम असतो. बहुतेक मुलं दोन-तीन आठवड्यांत पहिल्यासारखी होतात. हे आधी सांगितलं गेलं असतं तर पुष्कळ घरांची धास्ती टळली असती. ते सांगणं आमच्याच लोकांचं काम आहे आणि गर्दीत ते राहतं.

दुभंगलेल्या टाळूची, म्हणजे तोंडाच्या छताला फट असलेली, मुलं शाळेत मागं पडलेली मी पाहिली आहेत. टाळू दुभंगलेला असला की कानाच्या पडद्यामागं पाणी साठतं आणि ऐकू कमी येतं. मूल वर्गात बाईंचं बोलणं अर्धंच ऐकतं आणि घरचे दोष देतात तान्हेपणीच्या भुलीला. डेन्मार्कमध्ये अशा मुलांचे नववीचे गुण तपासले तेव्हा नुसता टाळू दुभंगलेली मुलं मागं दिसली. ओठ आणि टाळू दोन्ही दुभंगलेल्यांना जास्त ऑपरेशनं आणि जास्त वेळा भूल लागते, तरी ती मागं नव्हती. अशा लेकराचा कान तपासून घ्या, दर वर्षी घ्या.

“तीन वर्षांचं होईपर्यंत थांबलो तर?”

काही ऑपरेशनं थांबू शकतात, आणि थांबवावीतच. बेंबीचा छोटा हर्निया चार-पाच वर्षांपर्यंत बहुधा आपोआप बुजतो. तान्ह्या बाळाच्या अंडाभोवतीचं पाणी वर्ष-दीड वर्षात बऱ्याचदा जिरतं. लहानपणी शिश्नाची कातडी मागं न जाणं हेही बहुतेक वेळा नैसर्गिक असतं. अशा वेळी ‘आत्ताच करायलाच हवं का?’ हा प्रश्न जरूर विचारा.

पण बाकीच्यांना वेळेची कड असते. जन्मजात मोतीबिंदू पहिल्या दोन-तीन महिन्यांत काढला नाही तर डोळ्यातून मेंदूला चित्रच पोचत नाही आणि मेंदू त्या डोळ्यानं बघायला शिकतच नाही. पुढं ऑपरेशन कितीही चांगलं झालं तरी नजर अधू राहते. टाळू साधारण नऊ ते अठरा महिन्यांत शिवावा लागतो, कारण बोलणं त्याच सुमारास फुटतं. उशीर झाला की शब्द नाकातून येतात आणि ती सवय मोडत नाही. बहिऱ्या बाळाला कानाचं यंत्र आत बसवायचं असेल तर तेही भाषा शिकण्याच्या वयातच बसवायला हवं. तान्ह्याच्या जांघेच्या हर्नियात आतडं अडकलं तर रात्रीतून जिवावर बेततं. ज्या बुद्धीला जपायला आपण भूल टाळतोय, ती बुद्धी डोळ्यांनी, कानांनी आणि बोलण्यानंच घडत असते. उशिरानं होणारं नुकसान पक्कं आहे. एका छोट्या भुलीनं बुद्धीचं ठळक नुकसान झालेलं मात्र इतकं शोधूनही सापडलेलं नाही.

“थोडी भूल द्या, लेकरू सोसंल”

हे प्रेमापोटी म्हटलं जातं, पण असं एकदा खरोखर करून झालेलं आहे. १९८० च्या दशकापर्यंत अनेक देशांत नवजात बाळांची ऑपरेशनं अगदी जुजबी भुलीत होत. अंग हलू नये म्हणून औषध आणि जोडीला थोडा नायट्रस ऑक्साइड, एवढंच. नवजात बाळाला वेदना फारशी कळत नाही असा समज होता. इंदूरच्या वैद्यकीय महाविद्यालयात शिकलेले डॉ. कंवलजित आनंद यांनी ऑक्सफर्डमध्ये हा समज मोडला. १९८७ मध्ये त्यांनी दाखवलं की अपुऱ्या दिवसांच्या बाळांना ऑपरेशनच्या वेळी वेदनाशामक फेंटानिल दिलं की शरीराचा ताण कमी राहतो आणि नंतरच्या गुंतागुंतीही कमी होतात. वेदना सोसणंही वाढत्या मेंदूला महागात पडतं. जगभर बाळांना पुरेशी भूल दिली जाऊ लागली त्यात या कामाचा वाटा फार मोठा आहे.

“मग चांगल्यातली भूल द्या, पैशाचं बघू”

ही विनंती खूप ऐकतो. कर्ज काढून आलेला बाप असं म्हणतो तेव्हा वाईट वाटतं. महागडं औषध मेंदूला जास्त सुरक्षित असतं, असं सिद्ध झालेलं नाही. सेव्होफ्लुरेन, आयसोफ्लुरेन, प्रोपोफॉल, केटामाइन, सगळ्यांची नावं त्याच इशाऱ्याच्या यादीत आहेत. डेक्समेडेटोमिडिन हे औषध आणि अफूच्या कुळातली वेदनाशामकं गाबा-एनएमडीएच्या वाटेनं जात नाहीत. म्हणून त्यांचा आधार घेऊन बाकीची औषधं कमी करण्याचे प्रयत्न चालू आहेत. पण ती एकटी पूर्ण भुलीची जागा घेऊ शकत नाहीत. सरकारी दवाखान्यात किंवा महात्मा फुले योजनेत ऑपरेशन होतंय म्हणून भूल हलकी असते, असं समजू नका.

ज्यांना पुन्हा पुन्हा भूल लागते त्यांचं काय?

इथं माझ्याकडं साफ ‘नाही’ नाही. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या २०१८ च्या अभ्यासात ९९७ मुलं होती, त्यातल्या २०६ जणांना तीन वर्षांच्या आत एकाहून जास्त वेळा भूल मिळाली होती. बुद्ध्यांकात फरक नव्हता. मात्र अनेकदा भूल मिळालेल्यांमध्ये झटपट विचार करण्याचा वेग आणि बोटांची बारीक कामं थोडी कमी होती, आणि वाचनात व वागण्यात अडचणी आहेत असं त्यांच्या पालकांनी जास्त प्रमाणात सांगितलं. हे भुलीमुळं की ज्या दुखण्यापायी इतकी ऑपरेशनं लागली त्यामुळं, हे या अभ्यासातून ठरत नाही. तरी काळजी घ्यायला एवढं कारण पुरेसं आहे.

म्हणून भुलीच्या वेळा वाचवायच्या. टाळूचं ऑपरेशन आणि कानात नळी टाकणं एकाच बैठकीत होत असेल तर तसं करा म्हणून सांगावं. तान्ह्या बाळाचं एमआरआय असेल तर पोटभर दूध पाजून, दुपट्यात गुंडाळून, नैसर्गिक झोपेत ते जमतं का हे विचारावं. पहिल्या दोन-तीन महिन्यांत बऱ्याचदा जमतं. भाजलेल्या मुलांचं मात्र मनाला लागतं. चुलीवरचं आंघोळीचं पाणी अंगावर सांडलेली लेकरं आमच्याकडं नेहमी येतात आणि त्यांची मलमपट्टी पुन्हा पुन्हा भुलीत करावी लागते. ती टाळून लेकराला कळा सोसायला लावणं चूक. पट्टीची पद्धत अशी निवडता येते का, जी दोन-चार दिवसांनीच बदलावी लागेल, हे मात्र शल्यचिकित्सकांना विचारता येतं.

गरोदर बाईला शेवटच्या महिन्यांत अपेंडिक्ससारखं ऑपरेशन लागलं तर ते टाळू नये. पोटात पू झाला तर आई आणि बाळ दोघंही धोक्यात येतात. सिझेरियन बहुतेक वेळा मणक्यातल्या भुलीत होतं, त्यातलं औषध बाळापर्यंत फारच कमी पोचतं. पूर्ण भूल द्यावी लागलीच तरी बाळ काही मिनिटांत बाहेर येतं.

मेंदूला खरोखर इजा कशानं होते

प्राणवायू कमी पडल्यानं. रक्तदाब किंवा साखर फार वेळ उतरल्यानं. यावर कुणाचं दुमत नाही, आणि हे भूल कुठली यापेक्षा ती कोण देतंय आणि लक्ष कसं ठेवतंय यावर ठरतं. म्हणून लहान लेकराच्या बाबतीत विचारायचे प्रश्न हे: भूलतज्ज्ञ स्वतः पूर्ण वेळ थांबणार का? ते तान्ह्या बाळांना नेहमी भूल देतात का? बोटाला लावून प्राणवायू मोजणारं आणि सोडलेल्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड मोजणारं यंत्र आहे का? लेकरू फार छोटं असेल, अपुऱ्या दिवसांचं असेल किंवा हृदयाचा दोष असेल, तर अशी बाळं नेहमी हाताळणाऱ्या मोठ्या दवाखान्यात जाण्याचा त्रास घ्यावा. जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रातून, राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली, अशी चिठ्ठी मिळते.

तुमच्याकडून आम्हाला खरी माहिती लागते. उपाशी ठेवायला सांगितलेलं लेकरू रडतं म्हणून कुणी तरी पदराआडून बिस्कीट देतं आणि आम्हाला सांगत नाही. बेशुद्धीत ते वर येऊन फुफ्फुसात गेलं तर जीव धोक्यात येतो. साधारण नियम असा की वरचं दूध आणि जेवण सहा तास आधी बंद, आईचं दूध चार तास आधी, साधं पाणी दोन तास आधीपर्यंत चालतं. तुमचे डॉक्टर सांगतील ती वेळ पाळा. पण आदल्या संध्याकाळपासून उपाशी ठेवू नका, त्यानं साखर उतरते. चुकून खाल्लं असेल तर सांगा, ऑपरेशन पुढं ढकलता येतं. सर्दी, खोकला, ताप असेल तर तोही लपवू नका. तारीख हातची जाईल म्हणून लोक लपवतात आणि मग भुलीत श्वासनलिका आवळते. घरात कुणाला भुलीनंतर श्वास उशिरा आला होता का, तेही सांगा. आई-वडील मामा-आत्याच्या नात्यातले असतील तर सांगायला लाजू नका. स्नायूंचे काही आजार घराण्यातून येतात आणि त्यात ठरावीक औषधं टाळावी लागतात.

घरी जाताना कुठली भूल दिली, किती वेळ चालली आणि काही अडचण आली का, हे लिहिलेला कागद मागून घ्या आणि लसीच्या कार्डासोबत ठेवा. त्याच लेकराचं पुढं टाळूचं किंवा कानाचं ऑपरेशन ठरलं, तर पहिल्यांदा तो कागद भूलतज्ज्ञाच्या हातात द्या.